वास की वंश

परदेशातल्या सहलीहून परतलेल्या माणसाच्या डोक्यात पुष्कळदा एकच विचार घोळत असतो: आपण तिकडेच जाऊन राहावे. तिथली हवा आवडलेली असते, रांगेत कोणी घुसत नाही हे आवडलेले असते, गाड्यांचे कर्णे न वाजणे तर फारच आवडलेले असते. मग चौकशी सुरू होते आणि पहिला हिरमोड होतो. युरोपातल्या शेंगेन देशांत पर्यटकाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. कॅनडाने कायम वास्तव्याचा परवाना दिला तरी तो टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे काढावे लागतात, आणि नागरिकत्व मागायचे तर पाच वर्षांत १,०९५. आमची ओढ कोणी विचारत नाही, नुसते दिवस मोजतात, अशी कुरकुर मग ऐकू येते. मला ही कुरकुर पटत नाही. दिवस मोजणारा नियम रुक्ष असतो, पण त्याचे उत्तर माणसाच्या हातात असते: राहा, काम करा, कर भरा, शेजाऱ्यांच्या अडीअडचणीला उभे राहा. अन्याय सुरू होतो तो नियम जन्म विचारू लागला म्हणजे. एखाद्या भूमीवर माणसाचा हक्क कशाने उत्पन्न होतो, तिथे राहिल्याने की रक्ताने, हा प्रश्न धर्मग्रंथांइतका जुना आहे. तो तपासून पाहायला रोहा आणि पेण या दोन तालुक्यांत पुरेसा ऐवज आहे.

कुंडलिकेच्या एका काठाला रोहा आणि दुसऱ्या काठाला अष्टमी. अष्टमीत बेने इस्राएल या ज्यू समाजाचे एकोणिसाव्या शतकातले सिनेगॉग आहे, पेणलाही आहे. या समाजाची परंपरा सांगते की पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. केव्हा, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. ते आपण सोडून देऊ. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या गावोगावी ही माणसे तेलाचा घाणा चालवीत राहिली, हे मात्र निर्विवाद आहे. बैलाच्या डोळ्यांना झापड, घाण्यात तीळ किंवा खोबरे, लाटेचा दिवसभर चाललेला करकर आवाज, आणि शुक्रवारी सूर्य मावळला की सगळे बंद. शनिवारी घाणा फिरत नाही एवढ्यावरून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. त्यांची आडनावेही गावावरून पडली: रोहेकर, पेणकर, अष्टमकर, नवगावकर, किहीमकर. भाषा मराठी, बायकांचे नेसणे लुगडे, आणि नवसाला एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरे आणि वेलची, सभोवती फळे मांडलेले ते ताट ज्याने पाहिले आहे, त्याला ते कोकणातले नाही असे म्हणणे जड जाईल. कोणत्या दाखल्यावर तुम्ही इथे राहता, असे त्यांना विचारल्याची आठवण कुठे नोंदलेली नाही. राहणे आणि राबणे हाच दाखला होता.

इथे एक आक्षेप लगेच येतो आणि तो बिनतोड वाटावा असा आहे. गावाने त्यांना सामावून घेतले खरे, पण जातीच्या उतरंडीत एक पायरी देऊन. ‘तेली’ म्हटले म्हणजे जागा ठरली. कागद कोणी मागितला नाही, कारण जात हाच कागद होता. आणि खुद्द बेने इस्राएल समाजातही गोरे आणि काळे असा भेद होता: ज्यांच्या घराण्यात बाहेरच्या जातीशी संबंध आला असे मानले जाई त्यांना काळे इस्राएल म्हणत, त्यांच्याशी सोयरीक टाळत. हे सगळे खरे आहे, म्हणून कोकणच्या सहिष्णुतेचे पोवाडे गाण्यात मला रस नाही. पण आक्षेप नीट पाहिला तर तो माझ्याच बाजूला येतो. त्या गावगाड्यात जेवढे न्याय्य होते ते वास्तव्याच्या आणि कामाच्या अंगाने आले, आणि जेवढे जाचक होते ते जन्माच्या अंगाने. घाणा चालवणाऱ्याला गावात जागा मिळाली ती त्याच्या तेलामुळे. ‘काळ्या’ ठरलेल्या मुलीला स्थळ नाकारले गेले ते तिच्या आजीमुळे.

आता पुढची पायरी. इस्राएलने ५ जुलै १९५० रोजी परतीचा कायदा केला. जगातल्या कोणत्याही ज्यू माणसाला त्या देशात येऊन वसण्याचा हक्क, असा त्याचा गाभा आहे. त्याचे तिसरे कलम तर आपल्या विषयाला अगदी चिकटून आहे: एखादा ज्यू माणूस नुसता पाहुणा म्हणून आला आणि आल्यावर इथेच राहावे असे त्याला वाटले, तर देशाबाहेर न जाता त्याला वसाहतीचा दाखला मिळू शकतो. सहलीतून वास्तव्य उगवण्याची इतकी सोपी वाट दुसरीकडे क्वचितच असेल. रायगड आणि मुंबईतले हजारो बेने इस्राएल त्या कायद्याने गेले. लोद, रामला, बेअर शेबा, दिमोना, अश्दोद या गावांत मराठी बोलली जाऊ लागली. भारतात त्यांचा छळ होत नव्हता. ज्यूंना छळाविना नांदू देणाऱ्या मोजक्या देशांत भारताचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. म्हणजे हे लोक जीव वाचवायला पळाले नव्हते. पिढ्यान् पिढ्या प्रार्थनेत जेरुसलेमचे नाव घेतले होते, त्या नावाला जागून गेले होते. धार्मिक ओढीचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

आणि तिथे त्यांना काय विचारले गेले? प्रथम रंग. कामात आणि घर मिळण्यात आपल्याला मागे टाकतात अशी तक्रार करून १९५१-५२ मध्ये शंभराहून अधिक जणांनी आम्हाला परत पाठवा म्हणून धरणे धरले. ज्यूंना इस्राएलमध्ये आणून वसवणाऱ्या ज्यूइश एजन्सीने त्यांना विमानाने भारतात आणून सोडले. त्यांतले बहुतेक पुढच्या काही वर्षांत पुन्हा इस्राएलला गेले, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या कैवाऱ्यांना अडचणीची आहे. मग आला आजीचा प्रश्न. १९६२ मध्ये मुख्य धर्मगुरू यित्झाक निस्सीम यांच्या सूचनांनुसार बेने इस्राएल वधूवरांची आईकडची पूर्वपीठिका, जमेल तितकी मागे जाऊन, तपासावी असे विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना सांगण्यात आले. जुन्या काळात यांच्यात धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोट होत होते का, बाहेरच्यांशी लग्ने झाली होती का, ही त्यामागची शंका. देशात यायला हे लोक पुरेसे ज्यू होते, बोहल्यावर चढायला नव्हते. आंदोलन पेटले, जेरुसलेममध्ये ठिय्या झाला, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत. धर्मपीठाने मग सूचनेतले त्या समाजाचे नाव काढले. शंका आली तर चौकशी करावी, ही तरतूद राहिलीच.

वंश विचारणाऱ्या नियमाची मुळातली खोट इथे उघडी पडते. तो प्रश्न मेलेल्या माणसांना विचारलेला असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या अष्टमीतल्या कुठल्या बाईचे लग्न कसे लागले, याचे उत्तर लोदमधली तिची पणती कुठून देणार? ती उद्यापासून हिब्रू शिकू शकते, सैन्यात जाऊ शकते, शाब्बाथ पाळू शकते; पणजी मात्र बदलू शकत नाही. ज्या अटीपुढे माणसाचे सगळे कर्तृत्व निरुपयोगी ठरते तिला धार्मिक अट म्हणणे मला अवघड वाटते, कारण धर्म माणसाकडून काहीतरी करवून घेतो. आणि ज्यू परंपरेने हे ओळखले नव्हते असे नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत प्रवेश नाही असा निर्बंध आहे. त्याच ग्रंथसंग्रहात रूथची गोष्ट आहे: मवाबी विधवा, सासूमागोमाग परक्या गावी येते, शेतात सरवा वेचते, आणि तिच्या वंशात दावीद राजा जन्मतो. हा पेच सोडवायला जुन्या रब्बींनी तो निर्बंध फक्त पुरुषांना लावला. वकिली युक्तिवाद म्हणा हवे तर. पण रूथ बाहेर राहू नये म्हणून त्यांनी तो केला. ‘लेवीय’ या पुस्तकात तर भूमी देवाची आणि तुम्ही सगळे तिच्यावरचे उपरे रहिवासी, असा स्पष्ट भाव आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९५१ पासून भूदानासाठी पायपीट करताना जमिनीवर मालकी ईश्वराची हेच सांगितले. देवाच्या जमिनीवर सगळेच भाडेकरू असतील, तर जुना भाडेकरू नव्याची वंशावळ मागतो कोणत्या अधिकाराने?

यावर एक वजनदार उत्तर आहे: हा वंशाचा कायदा नसता तर रायगडातला साधा कारागीर तिकडे पोचलाच नसता. दिवस मोजणारे देश आधी पदवी, पैसा आणि इंग्रजी मोजतात. शिवाय युरोपातल्या संहारातून वाचलेल्यांसाठी एक तरी दार बिनशर्त उघडे हवे होते. यातला दुसरा भाग मी पूर्ण मान्य करतो. पण आसरा देण्याचा आधार संकट हा असतो, आजी नव्हे. पहिल्या भागात अर्धे सत्य आहे. पैसे टाकून वास्तव्य विकत घेण्याच्या योजना मलाही किळसवाण्या वाटतात, कारण त्यांत राहणे नसतेच, नुसती खरेदी असते. पण वासाची अट श्रीमंतांना वाकवली जाते म्हणून वंशाची अट गरिबांना न्याय देते असे होत नाही. इस्राएलमध्येच पाहा. १९७० च्या दुरुस्तीनंतर ज्यू आजोबा असलेला नातूही, स्वतः ज्यू नसला तरी, त्या देशात हक्काने वसू शकतो. दुसरीकडे तिथल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या परदेशी बाया, त्यांत भारतातून गेलेल्याही हजारो, कामाच्या परवान्यावर राहतात. त्याची सर्वसाधारण मर्यादा ६३ महिने, काहींना मुदतवाढ मिळते. इतकी वर्षे परक्या आईला न्हाऊमाखू घालूनही त्या बाईच्या वास्तव्याला हक्काचे रूप येत नाही. रूथ आज गेली असती तर तिला याच रांगेत उभे राहावे लागले असते.

जन्मभूमी सोडणे हाच अधर्म, असे मानणाऱ्यांचा आक्षेप उरतो. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त देणारा काळ आपल्याकडे फार जुना नाही. या पक्षाचे लोक पांडुरंगशास्त्री आठवल्यांचे नाव घेतील. रोह्यात १९२० साली जन्मलेले शास्त्रीबुवा १९५४ मध्ये जपानच्या तत्त्वज्ञान परिषदेला गेले. तिथे त्यांना अमेरिकेत येऊन राहण्याचा प्रस्ताव आला आणि त्यांनी तो नाकारला, असे त्यांच्या चरित्रांत सांगतात. नकाराचे कारण मात्र रोह्याची माती हे नव्हते. जे सांगायचे ते आधी आपल्या माणसांत उभे करून दाखवायचे होते, आणि पुढे स्वाध्याय चळवळीच्या रूपाने त्यांनी ते केले. म्हणजे थांबणाऱ्यानेही कामाकडे पाहूनच ठरवले.

दुसऱ्या देशाला बोल लावताना स्वतःचे घर तपासलेले बरे. भारतात १ जुलै १९८७ पूर्वी जन्मलेला माणूस जन्मस्थळामुळे नागरिक ठरे. त्यानंतर आईवडिलांपैकी एक नागरिक असण्याची अट आली, आणि डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा अशीही. आपण मातीकडून रक्ताकडे सरकलो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात धर्माची यादी आणली. त्या यादीत ज्यू नाहीत. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार परदेशी नागरिकत्व स्वखुशीने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, हे सहलीहून येऊन बेत आखणाऱ्यांनी आधी वाचावे. अश्दोदमधल्या एखाद्या रोहेकराला ओसीआय (भारताचा परदेशस्थ नागरिक) कार्ड मिळते तेही पूर्वजांच्या आधारावरच. त्यावर तो रोह्यात फ्लॅट घेऊ शकतो. भातशेती विकत घेऊ शकत नाही, वारशाने आली तर ठेवू शकतो. रोहा-अष्टमी नगरपरिषदेला मत देऊ शकत नाही. पुन्हा भारतीय व्हायचे तर कार्ड घेऊन पाच वर्षे झालेली हवीत, अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य हवे, आणि इस्रायली पारपत्र सोडावे लागते. या तीन अटींवर मला काहीच आक्षेप नाही.