हसऱ्या शब्दांआडचे दास्य

शास्त्रभाग : १ करिंथ ६:१२, तीत २:३



दुकानात गेल्यावर जिचा हात आवरत नाही ती ‘शॉपाहॉलिक’, चॉकलेटवाचून ज्याचा दिवस जात नाही तो ‘चॉकोहॉलिक’ आणि अष्टौप्रहर कामात बुडालेला तो ‘वर्काहॉलिक’. हे इंग्रजी शब्द आता आपल्या घरांतही रुळले आहेत. सांगणारा हसतो, ऐकणाराही हसतो. शब्दांशी रोज झटणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांचे शेपूट मोठे चमत्कारिक वाटते. सुरम्याचा वाचक जो अरबी ‘अल्-कुह्ल’, त्यापासून ‘अल्कोहोल’ आला, आणि त्यावरून मद्यपाशात सापडलेल्यास ‘अल्कोहोलिक’ म्हणू लागले. पुढे तो शब्द भलत्याच जागी तोडून त्याचा तुकडा चॉकलेटला चिकटवण्यात आला. त्या तुकड्याला स्वतःचा अर्थ नाही. आहे ती केवळ दारूची आठवण.

‘वर्काहॉलिक’ हा शब्द रूढ केला तो एका पाळकाने. वेन ओट्स हे अमेरिकेतील बाप्टिस्ट पाळक व धर्ममानसशास्त्राचे प्राध्यापक. १९६८ साली एका लेखात त्यांनी तो स्वतःलाच लावला व १९७१ साली त्या विषयावर पुस्तक लिहिले. वडिलांना भेटण्यासाठी त्यांच्या लहान मुलाने रीतसर वेळ मागितली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले होते. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी त्याला ‘गंभीर विनोद’ म्हटले होते. पुढे गांभीर्य गळाले आणि विनोद तेवढा उरला. इतकेच नव्हे, तर तो गौरवाचा शब्द झाला.

काही वर्षांपूर्वी एका सभेत माझी ओळख ‘वर्काहॉलिक’ अशी करून देण्यात आली. टाळ्या पडल्या. मी सुखावलो, आणि घरी येऊन ते पत्नीस सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “दारुड्याच्या बायकोची लोक निदान कीव तरी करतात. माझं मात्र अभिनंदन करतात.”

करिंथकरांस लिहिताना पौलही शब्दांशी खेळतो. ‘एक्सेस्टिन’, म्हणजे मला मोकळीक आहे. पण ‘एक्सूसिआस्थेसोमाइ’, म्हणजे अंमलाखाली जाणे, ते मात्र कशाच्याही बाबतीत मी होऊ देणार नाही. ग्रीक भाषेत ही दोन्ही क्रियापदे एकाच कुळातील आहेत. ज्या वस्तूवर माझी सत्ता, तिचीच माझ्यावर सत्ता चालावी काय, असा तो खेळ आहे. (मराठीत हा श्लेष उतरवता उतरत नाही, हे खेदाने कबूल करतो.) आपले विनोदी शब्द झोपवतात; पौलाचा श्लेष जागे करतो.

तीतास लिहिताना तर तो खेळतही नाही. वृद्ध स्त्रिया अति मद्याच्या दास झालेल्या नसाव्यात, असेच मुळातील क्रियापद सांगते. आणि त्याच पत्राच्या आरंभी, त्याच धातूच्या शब्दाने, पौल स्वतःस देवाचा दास म्हणवतो.

चॉकलेट खाणे पाप नव्हे. मीही दोन कप चहा झाल्यावाचून मुद्रिते हाती घेत नाही. तेव्हा वाचकहो, आज रात्री प्रार्थनेत आपल्या सवयीला तीताच्या पत्रातील शब्द लावून पाहा : “प्रभो, मी चहाचा दास आहे.” मोकळेपणाने हसू आले, तर पुढच्या विनंतीकडे वळा. हसू आले नाही, तर तेथेच थांबून प्रभूशी बोला. चहाच्या बाबतीत मला हसू आले. मग मी ‘कामाचा’ असे म्हणून पाहिले. ते वाक्य त्या रात्री मला पुरे करता आले नाही.