पस्तीस दिवसांचं ॲग्रीमेंट

पेणकरपाड्यातला कुठलाही दलाल जागेचा पत्ता 'दहिसरला लागून' असाच सांगतो. ते खोटंही नाही. चेकनाका ओलांडला की मुंबई संपते, मीरा-भाईंदर महापालिका लागते आणि भाड्याचा आकडा खाली येतो. त्या खाली आलेल्या आकड्यावरच इथल्या दलालांच्या चुली पेटतात. चाळीतली खोली, वन आरके, लेथ मशीन टाकायला गाळा, नव्या टॉवरमधला टू बीएचके, जे मागाल ते दाखवायला माणूस बाइक काढून तयार.

अशाच एका दलालाची ही गोष्ट. सगळे त्याला भाऊ म्हणत, आपणही भाऊच म्हणू. त्याच्या गाळ्यात एक टेबल, तीन खुर्च्या, काचेखाली महारेराचं प्रमाणपत्र आणि भिंतीवर कालनिर्णय. वादाचा प्रसंग आला तर खणात दाते पंचांग. धंदा जागेचा असला तरी भाऊची खरी नजर तारखांवर असे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांना हिरव्या पेनाने गोल. पितृपक्ष आणि मळमास काळ्याने खोडलेले. त्या दिवसांत कोणी टोकन देत नाही, तेव्हा भाऊ पंख्याची पाती पुसून घेई, जुन्या फायली बांधून माळ्यावर टाकी.

तारखांच्या गमती सांगायचा मात्र त्याला भारी नाद. घरमालक आणि भाडेकरू अंगठा द्यायला बसले आणि मशीन अडलं की भाऊ सुरू होई. "ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचंच का? १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या वरचा भाडेकरार नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनी एक महिना कापला. पुढे महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे कायद्याने प्रत्येक लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची केली. कारण गेलं, पण अकरा काही गेलं नाही." मग हळूच पुढचं. अकरा महिन्यांचा करार दर खेपेला महिनाभर मागे सरकतो, आज जूनला आलेला पुढे मेमध्ये, मग एप्रिलमध्ये. अकरा वर्षांत असे बारा करार बसतात. बाराव्या कराराची दलाली ही पंचांगाने दिलेली बक्षिसी, असं तो म्हणे. चांद्रवर्षही असंच सौरवर्षाच्या अकराएक दिवस मागे पडतं. आपल्या पंचांगात बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना घालून ते पुन्हा जागेवर आणतात. हिजरी सनात तशी सोय नाही, म्हणून रमजान कधी थंडीत येतो, कधी उन्हाळ्यात. ऐकणाऱ्यांना यातलं किती कळे देव जाणे, पण तेवढ्यात मशीन चालू होई.

समाजकार्यातही भाऊ मागे नसे. दर २६ जानेवारीला मंडळाच्या मंडपात रक्तदान शिबिर, चौकात बॅनर, बॅनरवर इतके चेहरे की मधल्या थेंबाला जागा उरत नसे. दात्याला भेट म्हणून स्टीलचा डबा. निम्मी रांग डब्यासाठी असे, असं माझं मत. पण रक्त ते रक्तच.

२०१८ साल. नोटाबंदी, महारेरा, जीएसटी असे एकामागून एक दणके खाऊन बाजार आधीच बसलेला. त्यात १६ मेला अधिक ज्येष्ठ लागला आणि त्याच आठवड्यात रमजानही. शाळांना सुट्ट्या, कोकणातले कोकणात, उत्तरेतले उत्तरेत. भाऊने कॅलेंडरवर १३ जूनपर्यंत काळी रेघ मारली आणि पाय टेबलावर टाकले.

तेव्हाच ती दोघं आली. वाडा तालुक्यातली, सात-आठ वर्षांचा मुलगा नवऱ्याच्या खांद्यावर. खोली हवी होती, आणि लगेच.

"ताई, मळमास लागलाय," भाऊ म्हणाला. "या महिन्यात कोणी सामान हलवत नाही. मालकही चावी देणार नाही. निजमासात या, रेटही बरा करून देतो."

बाईने पिशवीतून पाकिटाएवढं कॅलेंडर काढलं. त्यावरही गोल होते, सगळे लाल, तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने.

"पोराला थॅलेसेमिया आहे, भाऊ. रक्त चढवायला बोरिवलीला आणतो. तुमच्या मळमासात दोनदा येतंय. दर वेळी पहाटेची एसटी, मग रिक्षा, मग लोकल. जवळ राहिलो तर पोराचे तेवढे हाल तरी वाचतील."

भाऊने उगाच समजूतदारपणे मान हलवली आणि रक्ताची सोय नीट होते ना, असं विचारलं.

"जानेवारीत कधी अडत नाही. झेंडावंदनाला शिबिरंच शिबिरं. मे लागला की कॉलेजं बंद, माणसं गावाला. डोनर घेऊन या म्हणतात. मागच्या मेमध्ये आठवडाभर थांबवलं. हा जिना चढेना."

"मग जानेवारीचं ठेवून का देत नाहीत?"

"पस्तीस दिवस टिकतं. नंतर चालत नाही."

काही पिशव्यांत वेगळं द्रावण असलं तर बेचाळीस दिवस जातात, आणि प्लेटलेट्स जेमतेम पाच. पण बाईचा आकडा बरोबरच होता. भाऊ उठला आणि कॅलेंडरची पानं उलटत २६ जानेवारीपासून बोटाने मोजू लागला. बोट २ मार्चवर थांबलं.

"म्हणजे पस्तीस दिवसांचं ॲग्रीमेंट," तो म्हणाला. "रिन्यूअल नाही."

"नाही," बाई म्हणाली. "आता खोलीचं सांगा."

पाड्यातल्या एका आगरी आजीची खोली दोन महिने रिकामी होती. भाऊ त्यांना घेऊन गेला खरा, पण वाटेत त्याने नकाराची तयारी करून ठेवली होती. आजी अधिक मासाची पोथी ऐकून नुकतीच परतली होती. भाऊने सगळं सांगितलं आणि शेवटी स्वतःच जोडलं, "पण मळमास आहे, आजी. तुम्हाला नाही चालणार."

आजीने त्या मुलाकडे पाहिलं. "माना काय चालत नाय ते तू नको सांगूस. या महिन्याला कोन जवळ करीत नव्हता, कुठला देव त्याचा मालक होईना. मंग विष्णूनं त्याला आपलं नाव दिलं, पुरुषोत्तम मास. आज पोथीत तेच तर ऐकून आलो. जावयाला तेहतीस अनारसं द्यायचं, आन आजारी पोराला खोली नाय?" मग व्यवहाराचं बोलली. पूजा आता नको, कलश निजमासात ठेवा. डिपॉझिट मात्र पूर्ण पाहिजे, आणि ॲग्रीमेंट रजिस्टर झाल्याशिवाय गॅस लावायचा नाही.

त्या रात्री भाऊने मंडळाच्या अध्यक्षाला फोन केला. शिबिर घ्यायचं, याच महिन्यात.

"मळमासात? अरे, साहेब उद्घाटनाला येणार नाहीत."

"उद्घाटन नाही करायचं."

"मग बॅनरवर फोटो कोणाचा?"

बॅनरच नाही म्हटल्यावर अध्यक्षाचा आवाज थंड पडला. मंडपाचे खांब मोकळे होते तेवढे मिळाले, बाकी मंडळ नाही म्हणालं. रक्तपेढीचा माणूस मात्र फोनवर दोनदा तारीख विचारत राहिला. मेमध्ये कोणी आपणहून शिबिराला बोलावतंय, यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

दाते आणायचे कुठून? भाऊने डायरी उघडली. पाड्यातली माणसं गावाला गेलेली. मग शहरात रिकामं कोण बसलंय? दलाल! चेकनाक्यापासून काशीमिऱ्यापर्यंत एकाही दलालाकडे काम नव्हतं. एकमेकांच्या पार्ट्या पळवणारे, जिन्यात गाठून भांडणारे हे लोक. भाऊने सगळ्यांना फोन लावले. नया नगरचा एक दलाल म्हणाला, "रोजा आहे. इफ्तार करून, जेवून येतो. रात्री नऊपर्यंत चालू ठेव." म्हणून शिबिर सकाळऐवजी संध्याकाळी ठेवलं, आणि उन्हाचा प्रश्नही आपोआप मिटला.

त्या रविवारी मंडपात जे झालं ते पाहायला हवं होतं. प्रत्येक फ्लॅटचा एरिया वाढवून सांगणाऱ्या एकाचं हिमोग्लोबिन ११.८ भरलं. साडेबाराच्या खाली रक्त घेत नाहीत. तो तपासणाऱ्या मुलीशी घासाघीस करू लागला, तेव्हा शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "इथं सुपर बिल्ट-अप चालत नाही रे." दुसऱ्याचं बीपी वर. ते दोघं मग चहा आणि बिस्किटं वाटायला उभे राहिले. डबा नव्हता. रात्री साडेआठनंतर नया नगरची पोरं आली आणि रांग लागली. सगळ्या मिळून तीसेक पिशव्या झाल्या. जानेवारीच्या मानाने फारच थोड्या. पण रक्तपेढीच्या माणसाने सामान आवरताना सांगितलं की यातल्या बऱ्याचशा पुढच्या दोन-तीन दिवसांतच लागतील.

त्यानंतर भाऊ जानेवारीच्या शिबिरात फक्त खुर्च्या मांडायला जाऊ लागला. स्वतःचं शिबिर त्याने काळ्या रेघांत टाकलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिवस पितृपक्षात आला, तेव्हा तसं एक झालं. पितरांच्या पंधरवड्यात रक्त काढायचं या कल्पनेने काही जण आलेच नाहीत. त्यांना भाऊने पुन्हा विचारलं नाही. सुईचं भय सांगायला लाज वाटते, पंचांगाचं वाटत नाही, एवढंच तो म्हणाला.

मग २०२० आलं. सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सूट दिली. दुसऱ्याच दिवशी पितृपक्ष लागला, तो संपला आणि १८ सप्टेंबरला अधिक आश्विन. पंचांग मानणाऱ्याची सवलत १७ ऑक्टोबरला, घटस्थापनेलाच सुरू होणार! भाऊला ही गंमत फार आवडली आणि त्याने नेहमीप्रमाणे काळी रेघ मारून शिबिराचा रविवार ठरवला. कॉलेजं बंद, कचेऱ्या अर्ध्या, रक्ताची ओरड सगळीकडे.

पण रेघ यंदा खोटी पडली. महिनोन्‌महिने एका खोलीत कोंडलेल्या लोकांना मोठं घर हवं होतं. बेचाळीस लाखांच्या फ्लॅटवर तीन टक्के म्हणजे एक लाख सव्वीस हजार, आणि एक लाख सव्वीस हजारांपुढे मळमास टिकला नाही. फोन थांबेना. शिबिराच्या दुपारी, मास्क लावलेले दाते अंतर राखून बसलेले असताना, नेमकी बेचाळीस लाखांची पार्टी आली. आजच जागा दाखवा, आजच टोकन देतो.

"संध्याकाळी सातनंतर," भाऊ म्हणाला.

पार्टीने नया नगरच्या दलालाला फोन लावला. तो तेव्हा भाऊच्याच मंडपात खाटेवर, मुठीत चेंडू दाबत पडलेला. त्यानेही सातचीच वेळ दिली. शेवटी सौदा काशीमिऱ्याच्या एका तिसऱ्यानेच केला.

एक टक्क्याने बेचाळीस हजार. मंडप उतरवताना दोघांनी तो आकडा तीनदा काढला, आणि तिन्ही वेळा तिसऱ्याला शिव्या घातल्या.

"पुढल्या वर्षी मळमास नाही," नया नगरचा म्हणाला. "मग कधी?"

"मेमध्ये. स्टॅम्प ड्युटी पूर्ण माफ केली तरी मेमध्ये."

"आणि पार्टी आली तर?"

"टोकन सोमवारी."

"थांबेल?"

"नाही थांबणार," भाऊ म्हणाला, आणि खांबाचं दुसरं टोक उचलायला त्याला बोलावलं.