विझणारा धागा

राजापूरजवळ, उन्हाळे गावी, गरम पाण्याच्या कुंडाशी बसा. घाई नको. वर टेकडीवर राजापूरची गंगा. तिची चौदा कुंडं कधी भरलेली, कधी लांबच लांब काळ कोरडी. ती आली असेल तर आधी तिकडे जाऊन या. नसेल तर हे खालचं पाणी आहेच.

ओंजळ भरा. पाण्यातून तळहाताच्या रेषा दिसतात, म्हणून आपण म्हणतो, पाणी स्वच्छ आहे. या शब्दापाशी जरा थांबा. दिसला तो तळहात. पाणी अजून कुठे दिसलंय?

आता डोळे मिटा आणि तुमच्या घरच्या विहिरीकडे जा. सभोवती जांभा. तो लाल आहे तो लोहामुळे. काही विहिरींचं पाणी काढताना नितळ असतं आणि कळशीत रात्रभर राहिलं की तळाशी तांबूस गाळ बसतो. विरघळलेल्या लोहाला हवा भेटली, आणि ते दिसू लागलं. अशा पाण्याचा चहा काळपट होतो, हे घरातल्या बायकांना कुठल्याही प्रयोगशाळेआधी ठाऊक होतं. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई याच रसायनाची.

पण शिसं चहात उतरून दिसत नाही. पाराही नाही. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकातली मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग. तेवढं शिसं ओंजळीत कल्पून पाहा. जमत नाही. जमायचंही नाही.

म्हणून असा न दिसणारा धातू पाण्यात ओळखणारा एक धागा मनात आणा. फणसाचा चीक दोन बोटांत ताणला की तार निघते, तशी. पण इथे ताणायला बोटं नाहीत, वीज आहे. सिरिंजच्या सुईवर पॉलिमरच्या द्रावणाचा थेंब, आणि त्याला दहा-वीस हजार व्होल्टचा दाब. थेंब टोकदार होतो, त्यातून धार सुटते, वळवळत समोरच्या पत्र्याकडे झेपावते. वाटेतच द्रावक उडून जातो. पत्र्यावर सावरीच्या कापसासारखा पांढरा थर साचतो. त्यातला एकेक तंतू केसाच्या शेकडोपट बारीक.

द्रावणात आधीच चमकणारा रंग मिसळलेला असतो. दुकानात नोट जांभळ्या दिव्याखाली धरतात तेव्हा तिच्यातले तंतू उजळतात ना, तसाच हा थर उजळतो. तंतू इतके बारीक, की पाण्याला शिवायला जागाच जागा. लोहाचा आयन रंगाच्या रेणूला भेटतो, त्याची ऊर्जा ओढून घेतो, उजेड मंदावतो. काही रंगांचं उलट असतं. ऱ्होडामिनपासून बनवलेल्या काही रेणूंमधलं मिटलेलं कडं पारा भेटल्यावर उघडतं आणि अंधारातून नारिंगी चमक येते.

रसायनशास्त्रज्ञांना उजळणारा धागा बरा वाटतो. त्यांचं बरोबर आहे; विझायला तांबंही पुरतं, गढूळपणाही पुरतो, रंग धुऊन गेला तरी भागतं. मला मात्र विझणारा आवडतो. भेट झाली याची खूण म्हणून स्वतःचा उजेड देऊन टाकतो. (हे शास्त्र नव्हे, माझी हौस.)

त्या मंदावणाऱ्या थराकडे मनातच थोडा वेळ पाहत राहा. श्वास चालू द्या. अणुस्कुरा घाटापलीकडे, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, अशा चमकेवरून पाण्यातले आयन ओळखण्याचं संशोधन झालं आहे. तरी हे धागे अजून बहुतेक प्रयोगशाळांतच आहेत; तुमच्या विहिरीच्या काठावर पोचलेले नाहीत.

आता डोळे उघडा. ओंजळीतलं पाणी सोडून द्या. घरी गेलात की एक स्वच्छ बाटली विहिरीच्याच पाण्याने दोनदा विसळा, भरा, आणि पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत द्या. पावसाआधी एकदा, पावसानंतर एकदा. लोहाबरोबर शिसंही तपासा, असं मुद्दाम सांगा.