लेहला निघताना

चि. मृण्मयी,


जानेवारीत लेहला निघालीस हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. कपड्यांचं विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तिथली हवा समजून घे. लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. हिमालयाच्या रांगा पावसाळी ढग अलीकडेच अडवतात, त्यामुळे वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर. हवा विरळ, कोरडीठाक. ती ऊब धरून ठेवत नाही. दुपारी उन्हात बसलीस तर जॅकेट काढावंसं वाटेल, आणि चार पावलं सावलीत गेलीस की दात वाजतील. रात्री पारा उणे १५-२०पर्यंत उतरतो. अशा ठिकाणी एका जाडजूड कोटावर भागत नाही. काढता-घालता येतील असे थर हवेत.

अंगालगत सुती काही नको. आपल्याला सुती बनियनची सवय, पण घामाने भिजलं की ते लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून आत लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल, अंगाला नीट बसणारे. त्यावर स्वेटर किंवा फ्लीस. सगळ्यांत वर वारा अडवणारं, टोपी असलेलं पिसांचं जॅकेट. तिथल्या शांती स्तूपाच्या पायऱ्या चढण्याआधीच त्याची चेन उघड, म्हणजे घाम येणार नाही. वर पोचल्याबरोबर बंद कर. जीन्स घरीच राहू दे.

बुटांकडे विशेष लक्ष दे. दोन-दोन मोजे कोंबून घट्ट बूट घातलास तर रक्त नीट खेळत नाही आणि बोटं बधिर होतात. अर्धा नंबर मोठा, जाड तळव्याचा बूट घे, आत एकच जाड लोकरी मोजा. रात्री झोपताना घालायला कोरडा जोड वेगळा ठेव. कानटोपी, मफलर आणि हातमोजे विमानात हाताशी असू देत.

उन्हाचा गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नकोस. त्या उंचीवर ऊन थंडीतही भाजतं. ओठ आणि टाचा फुटतील, म्हणून आजीच्या डब्यातलं कोकमतेल ने. मोबाइल आतल्या खिशात ठेव, गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते.

बाजारात म्हाताऱ्या माणसांच्या अंगावरचा गोंचा नीट बघ. घोट्यापर्यंतचा जाड लोकरी झगा, कमरेला घट्ट शेला. त्या शेल्यामुळे खालून वारा शिरत नाही आणि छातीशी ऊब साठते. तुझ्या जॅकेटचीही कमरेची दोरी तशीच ओढून घे. शाल-मोजे तिथूनच विकत घेतलेस तर उत्तम. लोकर ही त्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे.

खोलीत बुखारी, म्हणजे तिकडची शेगडी, पेटलेली असेल तर झोपण्याआधी ती विझवायला लाव. बंद खोलीतला धूर आणि वायू जिवावर बेततो. रात्रीची मदार जाड रजईवर आणि थर्मलवर ठेव.

आणि एक शिस्त पाळ. थंडी वाजेपर्यंत थांबू नकोस; ऊन कलायला लागलं की लगेच सगळे थर चढव. एकदा गारठलेलं अंग तिथे लवकर तापत नाही. पहिले दोन दिवस मात्र नुसती विश्रांती घे. डोकं फार दुखलं किंवा धाप लागली तर अंगावर काढू नकोस, तडक डॉक्टर गाठ. विरळ हवेवर कुठल्याही कपड्याचा इलाज नाही.

पोचल्यावर फोन कर.

तुझी,
मावशी