सरस

दिवाळीत पावण्याला पाहुणे आले की त्यांच्याबरोबर त्यांचे खेळही येतात. गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी भाचरांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मांडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ पासून चालत आला आहे. एकाने गोष्ट सांगायची, इतरांनी तिच्यातली पात्रे व्हायचे, आणि अडले की फासा टाकायचा. कादंबऱ्या लिहिणाऱ्या मास्तराला असा खेळ आवडला नाही तरच नवल! चकल्यांची बशी घेऊन मीही शेजारी बसलो.

पात्रांना मोडलेले धनुष्य सांधायचे होते. “मघाशी मारलेल्या रानरेड्याचं कातडं उकळू आणि सरस करू,” भाचा म्हणाला.

धाकटी भाची उसळली. “दादा, आजीने आत्ताच गाय-वासराची पूजा केली आणि तू कातडं उकळतोस? मी नाही असलं धनुष्य हातात धरणार.”

दादाने मग खेळाच्या पुस्तकातला जादूचा डिंक काढला. तो मिनिटभरात धरतो आणि पुन्हा जादूवाचून सुटत नाही. कुणाला मारायला नको, काही उकळायला नको. भाचीचे समाधान झाले. माझे मात्र होईना.

पाठीमागे भिंतीशी आईचा तंबोरा उभा होता. चार वर्षांपूर्वी त्याच्या भोपळ्याचा आणि दांडीचा सांधा सुटला, तेव्हा मी तो मिरजेला नेला होता. कारागिराने रात्रभर पाण्यात फुगवलेला सरस भांड्यात भांडे ठेवून मंद आचेवर पातळ केला. सरस म्हणजे जनावरांची कातडी, हाडे आणि स्नायुबंध उकळून काढलेला चिकट अर्क. मी विचारले, “फेविकॉल का नाही?” १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आला आणि सुतारांची सरसाची भांडी हळूहळू चुलीवरून उतरली, हे मला ठाऊक होते. तो म्हणाला, “मास्तर, सरसाचा सांधा वाफेने सुटतो. उद्या माझ्या मुलाला हा तंबोरा पुन्हा उघडायचा आहे.”

आई माळकरी. अंड्याचा वाससुद्धा तिला चालत नाही. पहाटेचा अभंग मात्र ती याच तंबोऱ्यावर म्हणते. मी तिला काहीच सांगितले नव्हते. पखवाजाला कातडे असते, ते तिला दिसते आणि चालते. मग न दिसणाऱ्या सरसाचे कशाला बोला, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. तिच्या मनाला त्रास नको म्हणून मी गप्प राहिलो, असे मला वाटे.

पण त्या रात्री भाचीच्या बोलण्याने मी खजील झालो. दहा वर्षांच्या पोरीला खेळातल्या धनुष्यासाठीसुद्धा निवड करता आली. माझ्या सत्तरीच्या आईला ती मी करूच दिली नव्हती. पूर्णपणे निष्पाप वस्तू बहुधा जादूच्या पुस्तकातच मिळते. आपल्या संसारातल्या पुष्कळ सुंदर गोष्टी कुणाच्या तरी जिवावर उभ्या असतात. ते ऋण फिटत नसेल. पण ते ठाऊक असण्याचा हक्क ते वागवणाऱ्याला आहे. अज्ञानात ठेवून राखलेले सोवळे हे त्या माणसाचे सोवळे नव्हे. ती आपलीच सोय असते.

निजायच्या आधी मी आईला सगळे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, “चार वर्षं लागली तुला?”

दुसऱ्या पहाटे तंबोरा गवसणीतच राहिला. तिसऱ्याही. अभंग झाले, पण सुरावाचून. घर सुनेसुने वाटले. आपण उगाच बोललो, असेही एकदा मनात येऊन गेले.

पाडव्याच्या पहाटे तारांच्या आवाजाने मला जाग आली. दाराआडून पाहिले, तर आई तंबोरा जुळवत होती. जुळवून झाल्यावर तिने त्या सांध्यावर हात ठेवला, तो हात कपाळाला लावला आणि गायला सुरुवात केली.

तिने काय ठरवले, हे मी विचारले नाही. ठरवले तिने, एवढे मला पुरे होते.