पताका कोणाची?

आषाढात आळंदी-पंढरपूर रस्त्यावर वारकऱ्यांच्या आधी आता फ्लेक्स भेटतात. मधोमध हात जोडलेला नेता, भोवती कार्यकर्त्यांचे चेहरे, खाली ‘सहर्ष स्वागत’ आणि कोपऱ्यात शोभेपुरत्या छापलेल्या भगव्या पताका. ज्या पताकेनं माणसाला स्वतःचं नाव विसरायला शिकवलं, तिलाच नावाची महिरप करून टाकलं आहे. याचा मला संताप येतो.

ध्वज-पताका असं आपण जोडीनं म्हणतो, पण दोघांचं काम एक नाही. महाभारतातला ध्वज योद्ध्याची ओळख सांगतो: अर्जुनाच्या रथावर कपी, भीष्मांच्या रथावर ताड. नाट्यशास्त्राच्या परंपरेत मात्र पताका म्हणजे नायकाच्या कार्याला साथ देणारं उपकथानक. रामकथेतली सुग्रीवाची गोष्ट हे त्याचं ठरलेलं उदाहरण. पुढे निशाणं आली, जरीपटका आला. तो इतिहास सर्वांना पाठ आहे.

चुकीचं वाचन होतं ते वारीचं. शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी १९व्या शतकात ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली. अंकलीच्या शितोळ्यांचे घोडे आले, दिंड्यांचे क्रम लागले. त्यावरून पालखी म्हणजे भक्तीचं लष्कर आणि पताका म्हणजे त्याचं निशाण, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. पताका संतांच्या अभंगांत हैबतबाबांच्या कितीतरी आधीपासून आहेत. आणि वारीनं लष्कराकडून जे घेतलं त्याहून जे घेतलं नाही, ते मोलाचं आहे. लष्करात निशाणावरून सरदार कुठे आहे ते कळतं. ते पडलं की फौजेचा धीर सुटतो. दिंडीतल्या पताकेवरून कोणाचाच मोठेपणा कळत नाही. एकासारखी दुसरी, कावेच्या रंगाची, बहुधा कोरी. चिन्ह असलंच तर देवाचं, वाहणाऱ्याचं कधीच नाही. दिंडी ओळखायची ती पालखीच्या रथापुढची की रथामागची आणि कितव्या क्रमांकाची, एवढ्यावरून. शिस्त फौजेची राहिली, सरदारी गळाली. युद्धाच्या खुणेतून मालकी काढून टाकण्याचं हे काम शेतकऱ्या-कुणब्यांनी खांद्यावर वाहून पिढ्यानपिढ्या केलं आहे. रिंगणात पताकावाले धावतात तेव्हा त्यांची नावं कोणी पुकारत नाही, तेही थांबून वाट पाहत नाहीत.

फ्लेक्सनं नवं काहीच आणलेलं नाही. रथावरचा ताड गेला, तिथे चेहरा आला. फक्त युद्धातली जोखीम उरली नाही. मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध राज्यात १९९५ पासून कायदा आहे, आणि विनापरवाना फलकांवर बोट ठेवून आपण मोकळे होतो. पण रीतसर शुल्क भरून लावलेला फलकही वारीच्या वाटेवर मला तितकाच परका वाटतो. स्वागत करायचं तर पाणी द्यावं, सावली द्यावी, पाय चेपावेत. गावोगावची माणसं हे आजही करतात, आणि त्यांच्या मांडवावर कोणाचा फोटो नसतो.