धुराडं कुणाचं?

'मी कोण?' या प्रश्नापायी आपल्याकडं मोठमोठी माणसं घर सोडून हिमालयात गेली. मला अशी दाट शंका आहे की, त्यांतल्या निदान काहींना घरातून कुणीतरी, 'अहो, जरा तेवढं धुराडं साफ करता का?' असं विचारलं असावं. वास्तविक हा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. पहिल्याचं उत्तर नाही सापडलं तरी निदान डोळ्यांतून पाणी येत नाही.

माझी आत्या सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यात राहते. महाबळेश्वर शेजारी, त्यामुळं पाऊस म्हणजे विचारूच नका. आषाढ-श्रावणात तिथली चूल नुसती भाकरीपुरती पेटत नाही. अंग शेकायला, कपडे वाळवायला, आंघोळीच्या पाण्याला, अशी ती दिवसभर धुमसत असते. पूर्वी धूर कौलांच्या फटींतून सवडीनं बाहेर पडायचा आणि जाता जाता वर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना किडीपासून राखायचा. १९८०च्या दशकात निर्धूर चुलींची सरकारी मोहीम देशभर निघाली, तेव्हा आत्याकडंही अशी चूल आली आणि कौलातून सिमेंटचा पाइप वर निघाला. पहिलं वर्ष स्वयंपाकघरात एकमेकांची तोंडं स्पष्ट दिसत होती म्हणे. (ती दिसावीत की नाही, हा प्रश्न वेगळा.)

पण धुराडं म्हणजे काही नुसतं भोक नव्हे. ओलं लाकूड नीट जळत नाही. त्याचा अर्धवट जळालेला धूर गार पाइपाला लागला की डांबरासारखा चिकटून बसतो. वर काजळी, काजळीवर पुन्हा डांबर. आतलं भोक बारीक होत जातं आणि एक दिवस धूर आल्या वाटेनं घरात परततो. कधी तर हा थरच पेट घेतो. उपाय सोपा आहे. वर चढायचं, काठीला गोणपाट बांधायचं आणि पाइपातून वरखाली घुसळायचं. तासाभराचं काम.

आता चढायचं कुणी? धूर आत्याच्या डोळ्यांत, शिडी मामांच्या ताब्यात. मामा म्हणजे आत्याचे यजमान. आत्यानं म्हणायचं, "आवं, तेवढं नळकांडं बघा की." मामांनी म्हणायचं, "बघतो की. जरा उघडीप पडू दे." उघडीप पडली की शेतात काम. मग "पोरगा यील तवा चढंल." पोरगा मुंबईला माथाडी कामगार, तो गणपतीला येणार, आणि पाइप तुंबलेला आषाढात. शिवाय बाईमाणसानं कौलावर चढलं तर गाव काय म्हणेल? म्हातारी खोकून मेली तर गाव काही म्हणत नाही, ती रीतच आहे.

मामा आळशी असते तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण याच मामांना मी सांगली जिल्ह्यात, शिराळ्याकडं त्यांच्या भावाच्या गुऱ्हाळावर पाहिलंय. हंगाम सुरू व्हायच्या आधी चुलवाणाचं धुराडं ते स्वतः तपासतात! कारण उघड आहे. धुराड्याची ओढ कमी झाली की जाळ मंदावतो, काहिलीतला रस आटायला वेळ लागतो, गूळ काळवंडतो आणि सांगलीच्या बाजारात काळ्या गुळाला भाव उतरतो. आत्याच्या डोळ्यांचा सौदा सांगलीच्या बाजारात कधी निघाला नाही.

साहेबाचं तरी काय वेगळं होतं? विलायतेत शेकोटीपुढं बसणारा एक आणि धुराड्यात शिरणारं पाच-सहा वर्षांचं पोर भलतंच कुणाचं तरी. आठ वर्षांखालचं पोर या कामाला ठेवू नये, असा कायदा १७८८ साली झाला. तो धड कुणी पाळला नाही. मग १८४०चा कायदा आला, त्याचीही तीच गत. १८७५ साली धुराडी झाडणाऱ्यांना पोलिसांचा परवाना सक्तीचा झाला, तेव्हा कुठं तो प्रकार थांबला. म्हणजे शेकणाऱ्याला दुसऱ्याचा गुदमर कळायला सत्त्याऐंशी वर्षं लागली, आणि तीही पोलीस मध्ये पडल्यावर. या हिशेबानं मामा बरेच चपळ ठरतात.

ओडिशात सुमारे २६०० घरांना अशा सुधारलेल्या चुली देऊन चार वर्षं त्यांचा माग ठेवण्यात आला. पुढं २०१९ साली नोबेल मिळवणाऱ्या एस्तेर दुफ्लो त्या अभ्यासात होत्या. पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढं तो फरक उरलाच नाही. चुलींची निगा राखली जात नव्हती आणि वापरही घटला होता. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "मला इचारलं असतं तर एवढी घरं हिंडाय लागली नसती."

आपल्याकडची मोहीम २००२ साली संपली, पाइप मात्र राहिला. आता गॅस आलाय, पण आंघोळीचं पाणी आणि पावसाळ्यातला शेक चुलीवरच. एका श्रावणात आत्यानं वाद घालायचंच सोडलं. पाणी तापवायची चूल तिनं उचलली ती थेट ओसरीवर, मामांच्या बाजल्याच्या वाऱ्याखाली. "आत धूर लई कोंडतोय," एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन मामा कौलावर!

आता मामांनी हे केलं ते कर्तव्य म्हणून की खोकला आला म्हणून? आणि खोकला आला म्हणून केलेल्या कामाला पुण्य म्हणायचं का? मी हा प्रश्न आत्यापुढं मांडला. ती चुलीत फुंकर घालत होती. मान वर न करता म्हणाली, "पाइप सुटला न्हवं? मग ऊठ, पाणी तापलंय."